इंग्लंडमध्ये नवीन आलात? शाकाहारी मुलाच्या शाळेच्या डब्याबद्दल थोडं

सप्टेंबर जवळ आला की नवीन आलेल्या मराठी आयांचे फोन सुरू होतात. घर मिळालेलं असतं, डॉक्टरकडे नाव नोंदवून झालेलं असतं, शाळेत प्रवेशही झालेला असतो. मग हळूच प्रश्न येतो, "ताई, डब्यात काय देऊ? हा तर काहीच खात नाही." दरवेळी तेच सांगते, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. हे सगळं इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळांबद्दल आहे. स्कॉटलंड-वेल्समध्ये जेवणाचे नियम वेगळे आहेत.

डबा द्यायलाच हवा का, हे आधी ठरवा. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमध्ये रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या पहिल्या तीन वर्गांतल्या, म्हणजे साधारण चार ते सात वर्षांच्या सगळ्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण फुकट मिळतं, घरचं उत्पन्न कितीही असो. लंडनमध्ये २०२३ पासून ते प्राथमिकच्या सगळ्याच वर्गांना मिळतं. बाहेर मात्र इयर थ्रीपासून बहुतेकांना पैसे भरावे लागतात. आपल्याकडचे बरेच पालक "आमचं मूल तिथलं खाणारच नाही" म्हणून पहिल्या दिवसापासून डबा देतात. माझं मत उलट आहे. जेवायला कटकट करणारं मूल असेल तर शाळेचं जेवण एक सत्र तरी देऊन बघाच. घरी ज्या मटाराकडे ते ढुंकून बघत नाही, तोच मटार शेजारचा मुलगा खातोय म्हणून खाल्ला जातो. मेन्यू शाळेच्या वेबसाइटवर असतो आणि साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून फिरतो. टोमॅटोचा पास्ता, मॅकरोनी चीज आणि जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला अख्खा बटाटा, वर टोमॅटोच्या रसातले डब्याबंद बीन्स किंवा चीज. शुक्रवारी मासे आणि चिप्स, त्या दिवशी शाकाहारी मुलांना दुसरं काहीतरी. हे जिन्नस आधी दोन-तीनदा घरी करून बघा. बटाटा-बीन्सची सवय झाली की निम्मं काम झालं.

आता अंड्याचं. इथे शाकाहारी जेवणात अंडं चालतं. शाळेच्या फॉर्मवर नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर ताटात क्वॉर्नचं, म्हणजे मांसाऐवजी वापरतात त्या बुरशीजन्य पदार्थाचं सॉसेज येऊ शकतं, आणि क्वॉर्नच्या बऱ्याच पदार्थांत अंड्याचा पांढरा भाग असतो. केक आणि बरीचशी पुडिंगंही अंड्याचीच. तुमच्या घरी अंडं चालत नसेल तर ते वेगळं, ठळक लिहा आणि एकदा ऑफिसात जाऊन तोंडी सांगा. गंमत म्हणजे इथल्या पुडिंगवर ओततात ते पिवळं कस्टर्ड पावडरीचं असेल तर त्यात अंडं नसतं. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून ती पावडर बनवली. तरी कुठलं कस्टर्ड वापरतात ते स्वयंपाकघरात विचारून घ्या.

डबाच द्यायचा ठरला, तर मराठी घरात सगळ्यात मोठी अडचण होते ती शेंगदाण्याच्या कुटाची. बहुतेक शाळांत शेंगदाणे आणि बाकीचा सुकामेवा आणायला सक्त मनाई असते. एखाद्या मुलाला त्याची जीवघेणी ॲलर्जी असू शकते, तेव्हा "थोडंसंच आहे" हे कारण तिथे चालत नाही. काजू-बदाम आपण आठवणीने टाळतो. कूट मात्र हाताच्या सवयीने पडतं. काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, मटकीची उसळ, पोह्यांतले दाणे, पोळीला लावलेली लसणाची चटणी, सगळीकडे ते असतंच. चिक्की आणि दाण्याचा लाडू तर उघडच. शाळेच्या डब्यासाठी भाजलेलं डाळं मिक्सरमधून काढून वेगळ्या बरणीत ठेवा. कोशिंबिरीला आणि भरल्या भाज्यांना ते बऱ्यापैकी चालतं. सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया भाजून केलेली चटणीही छान होते. त्यासाठी मिक्सरचं भांडं वेगळंच हवं, किंवा घासूनपुसून लख्ख केलेलं. काही शाळा तिळालाही नाही म्हणतात, कारण इथल्या कायद्याने पाकिटावर जाहीर करायच्या चौदा ॲलर्जी-पदार्थांत तीळ आहे. म्हणून संक्रांतीला वर्गात तिळगूळ पाठवण्याआधी शिक्षिकेला विचारा.

जेवायला वेळ फार थोडा असतो. हात धुणं, रांग, जागा शोधणं आणि गप्पा यांतून मुलाच्या हाती वीस मिनिटं लागली तर खूप. शिवाय मैदान खुणावत असतं. डबा गरम करून कोणी देत नाही. म्हणजे पदार्थ गार झाला तरी मऊ राहिला पाहिजे, एका हाताने खाता आला पाहिजे, आणि झाकण चार वर्षांच्या मुलाला उघडता आलं पाहिजे. पोळी एका कप्प्यात, भाजी दुसऱ्यात हा आपला थाट इथे फसतो. पोळीचा तुकडा तोडून त्यात भाजी धरायला वेळ लागतो, मूल भाजी तशीच ठेवतं आणि कोरडी पोळी चघळत बसतं. माझ्या धाकट्याचा डबा उघडला की पुलावातले मटार एकेक वेचून झाकणात ओळीने मांडलेले असायचे. वेळ सगळा त्यातच जायचा.

थालीपीठ उत्तम, पण नुसत्या भाजणीचं गार झालं की चिवट होतं. पीठ भिजवताना एक उकडलेला बटाटा किंवा किसलेला दुधी आणि दोन चमचे दही घाला, पाणी कमी घ्या. थोडं जाडच थापा आणि झाकण ठेवून भाजा. पूर्ण गार झाल्यावर कात्रीने त्रिकोणी तुकडे करा. गरम असताना डब्यात भरलं तर वाफेने ओलं होतं, आणि एकदा ओलसर लागलं की मूल पुन्हा हात लावत नाही. दह्याची छोटी डबी सोबत द्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, मुगाचं धिरडं गुंडाळून, पनीरचा पराठा, कोथिंबीर वडी, हेही गार चांगलं लागतं. इडली गार झाली की घट्ट होते, ती थर्मासमध्येच.

थर्मासचं एक तंत्र आहे. आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं झाकण लावून ठेवा. ते ओतून टाका आणि मगच वाफाळतं अन्न भरा. तूप-मेतकूट भात, मसालेभात, वरणफळं, रव्याची खीर असं काहीही त्यात दुपारपर्यंत गरम राहतं. भात रात्रीचा असेल तर शिजल्यावर तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी कडकडीत तापवा, आणि एकदाच. शिळ्या भाताने पोट बिघडतं ते तो बाहेर राहिल्यामुळे. दहीभात द्यायचा तर बर्फाची पिशवी लावून. भाजणी आणि मेतकूट भारतातून येताना आणता येतं. दुधाचे पदार्थ मात्र आणता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि घरचं तूप बॅगेत भरू नका.

नवीन पदार्थ डब्यातून कधीही सुरू करू नका. शनिवारी घरी गार करून द्या, खाल्ला तर सोमवारी डब्यात. हट्टी मुलांसाठी डब्यात एक तरी गोष्ट हमखास खाल्ली जाणारी असू दे, मग ती रोज तीच असली तरी चालेल. पाच दिवस चीज सँडविच खाऊन कोणी अशक्त होत नाही. चीजच्या पाकिटावर 'सुटेबल फॉर व्हेजिटेरियन्स' लिहिलंय का तेवढं बघा. पार्मेजान कधीच शाकाहारी नसतं, कारण त्यात वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य असतं.

मधल्या सुट्टीच्या खाऊची चिंता लहान वर्गांत नको. चार ते सहा वर्षांच्या मुलांना रोज एक फळ किंवा भाजी शाळाच देते. पुढे घरून न्यायचं, आणि बहुतेक ठिकाणी फक्त फळच चालतं. लहानग्यांना द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चार भाग करूनच द्या, अख्खं द्राक्ष घशात अडकतं. चकली-चिवडा पाठवू नका, परत येईल.

वर्गात कोणाचा वाढदिवस झाला की मूल मऊ गोळ्यांचं छोटं पाकीट घेऊन घरी येतं. त्यात, जेलीत आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांचं. रागावू नका. "आईला दाखवून खायचं" एवढा नियम पुरतो, आणि घरात बिनजिलेटिनच्या गोळ्यांचा एक डबा ठेवा, लगेच बदलून देता येतात.

शाळा सव्वातीनच्या सुमारास सुटते आणि मूल भुकेने कावलेलं असतं. आपलं खरं जेवण तेव्हा. गरम फोडणीची पोळी, कुटाची खिचडी, दाण्याचा लाडू, जे शाळेत चालत नाही ते सगळं तेव्हा पोटभर द्या. सात वाजता पुन्हा ताटावर बसवून भांडण्यापेक्षा हे सोपं.

डबा, झाकण, चमचा आणि बाटली, चारही गोष्टींवर नाव लिहा. झाकणं आधी हरवतात.