तंबू, हाकेच्या अंतरावर

लग्नाआधी आम्ही तिघे मित्र शनिवारी दुपारी ठरवायचो आणि संध्याकाळी गोव्यातल्या साखळीहून सुटायचो. एक ताडपत्री, एक टोप, तांदूळ, कांदे, वाटेत मिळतील ते बांगडे. जिथे अंधार होईल तिथे मुक्काम. आता मुलगी सहा वर्षांची आहे, मुलगा तीन. त्यांना घेऊन आजवर पाच वेळा तंबूत झोपलोय. त्यातल्या पहिल्या वेळी रात्री साडेअकराला सगळं सामान गाडीच्या डिकीत कोंबून घरी परत आलो होतो, म्हणजे खरं तर चारच वेळा.

पहिल्या वेळची चूक जागेची. मी माझ्या जुन्या सवयीने जागा निवडली होती: रस्त्यापासून अर्धा तास आत, व्हाळाच्या काठी, माणसाचा मागमूस नाही. आम्हा मित्रांना तेच तर हवं असायचं. पण मुलगा दहा मिनिटांत कडेवर आला, पाण्याचे कॅन बायकोच्या हातात गेले, आणि काळोख पडल्यावर मुलीने विचारलं, "इथे कुणाचं घर नाही?" तिला बिबट्याची भीती वाटत नव्हती. घर नाही याचीच वाटत होती.

म्हणून मुलांचा तंबू कुणाच्या तरी घरापासून हाकेच्या अंतरावर ठोका. आम्ही आता वाळपईच्या पुढे बायकोच्या मामांच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, जातो. मामा पहिल्यांदा म्हणाले, "घरांत खाटी आसतना मातयेर कित्याक न्हिदता रे?" घरात खाटा असताना मातीवर कशाला झोपायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, पण रात्री पोराचं पोट दुखलं तर शंभर पावलांवर दिवा आहे, हे फार मोठं आहे. ओळखीचं कुळागर नसेल तर बोंडल्यापासून सुरुवात करा. आठेक चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, वनखात्याच्या खोल्या, मुलांना बघायला प्राणी. तंबू नसला तरी जंगलातली पहिली रात्र होते. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं मोठ्यांसाठी ठेवा, आणि तिथेही वनखात्याची परवानगी काढल्याशिवाय मुक्काम करू नका.

कुळागरात तंबू कुठे? माडाखाली नाही, हे सांगायला नको. पोफळीखालीही नको. विरी, म्हणजे पोफळीच्या पानाचा रुंद देठ, वाळली की झावळासकट सुटून येते आणि खाली कोण झोपलंय ते बघत नाही. सुपारीच्या आळ्यांजवळही नको. आमच्या दुसऱ्या खेपेला मामांनी नेहमीप्रमाणे पहाटे पंप चालू केला आणि पाच वाजता तंबूवर स्प्रिंकलरचा पाऊस सुरू झाला. मुलं खूश, गोधड्या ओल्या. आता आम्ही मांगरासमोरच्या, म्हणजे बागेतल्या खोपटासमोरच्या, सारवलेल्या खळ्यातच तंबू ठोकतो. जमीन सपाट, झाडलेली, पालापाचोळा नाही.

पालापाचोळ्याचं जरा थांबून सांगतो, कारण आमच्या या सत्तरी तालुक्यात तो चेष्टेचा विषय नाही. २०१५ पासून आमच्याकडे माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, आणि हा ताप गोचिडीतून येतो. थंडीच्या मध्यापासून काजूचा हंगाम सरेपर्यंतचे दिवस जास्त जोखमीचे. रानात माकड मेल्याचं कानावर आलं असेल तर बेत रद्द करा आणि आरोग्य केंद्रात कळवा. मुलांना सुक्या पानांत लोळू देऊ नका. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, पँटची टोकं मोज्यांत. संध्याकाळी कपडे बदलताना उजेडात अंग तपासा: कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे. गोचीड चिकटलेली दिसली तर तिच्यावर चुना, रॉकेल, पेटती उदबत्ती काही लावायचं नाही. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची आणि न पिळता, सावकाश सरळ वर ओढायची. मग साबणाने धुवायचं. तारीख लिहून ठेवा. नंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ती सांगायची. कॉलेजात असताना आम्ही रात्रभर पानांवर पडून असायचो. तेव्हा नशिबावर भागलं, एवढंच.

समुद्रावर मुलांना घेऊन तंबू? माझं उत्तर नको असं आहे. एका पौर्णिमेला आम्ही तिघांनी पेडण्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी साडेपाचला ताडपत्री बांधली. वाळू केवढी रुंद दिसत होती! कोकणातला जुना हिशेब सगळ्यांना माहीत असतो: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमेची पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. साडेपाचला आम्ही ऐन ओहोटीत उभे होतो आणि कुणीच गुणाकार केला नाही. अकराच्या सुमारास टोप तरंगला. त्यावर आम्ही अजून हसतो, पण कुशीत तीन वर्षांचं पोर असतं तर हसलो नसतो. शिवाय मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऐन हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, आपल्या दिव्यांनी ती बिथरतात. आणि २०१९ पासून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे, तो निराळा.

जेवणाचा क्रम उलटा करा. मोठ्यांचं जेवण रात्री दहाला, चुलीवर, गप्पा मारत. मुलं साडेसहाला भुकेली होतात आणि पावणेसातला रडतात. घरून उकडलेली अंडी, सकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेले पाव, केळी न्या आणि काळोखाआधी त्यांची पोटं भरा. मग निखाऱ्यात रताळी पुरा. ती शिजायला पाऊण तास लागतो, आणि पोट भरलेलं मूलच तेवढं थांबतं. पिण्याचं पाणी घरून उकळून न्या, व्हाळाचं कितीही काचेसारखं दिसलं तरी.

आग लहान ठेवा, वारा असेल तर पेटवूच नका. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या डोंगरांना लागलेले वणवे आम्ही घरातून बघितलेत. चुलीभोवती दोन पावलांवर रांगोळीचं रिंगण घालतो, आणि ते मुलीलाच घालायला देतो. मी दहा वेळा "लांब हो" म्हटलेलं मुलगा ऐकत नाही, पण ताईच्या रिंगणावर पाय पडला तर ती जो गोंधळ घालते त्याला तो घाबरतो. झोपण्याआधी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळायची.

उजेडाची गोष्ट मला उशिरा कळली. कपाळावरचा टॉर्च मित्रांबरोबर सोयीचा, दोन्ही हात मोकळे. पण मी तो लावून वळलो की मुलगा किंचाळायचा. शेवटी बायको म्हणाली, "जरा त्याच्या जागी बसून बघ." बसलो. समोर नुसता पांढरा झोत, बापाचं तोंड कुठेच नाही. तेव्हापासून तंबूच्या आत एक मंद कंदील टांगतो आणि टॉर्च हातात, जमिनीकडे रोखलेला. तिथीही बघूनच निघतो: मित्रांबरोबर तारे बघायला अमावास्या, मुलांबरोबर पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार.

झोपायला एकच मोठी गोधडी. स्लीपिंग बॅगमधून माझी दोन्ही मुलं अर्ध्या तासात बाहेर पडतात. जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं, कानटोपी हवीच. चपला तंबूच्या आत घ्या आणि सकाळी झटकूनच घाला, विंचवाला त्या आवडतात. दगडांच्या राशींपाशी खेळू देऊ नका, फुरसं तिथेच असतं. सर्पदंश झालाच तर कापणं नाही, आवळून बांधणं नाही. मूल हलू न देता १०८ ला फोन. रेंज येते का, हे दिवसाउजेडीच बघून ठेवा.

खेळणी नेऊ नका. पडलेली विरी पुरते. एकाने तिच्या रुंद देठात बसायचं, दुसऱ्याने झावळाचं टोक धरून खळ्यात ओढत न्यायचं. मुलाने गेल्या खेपेला मामांनाही ओढायला लावलं.

घरी आल्यावर तंबू गच्चीत उन्हात उभा करून वाळवा. दंव आत राहिलं तर आपल्या हवेत चार दिवसांत बुरशी धरते. आमचा दोन दिवस तिथेच असतो. तो वाळतो एका दुपारीच, पण मुलगा आतून चेन लावून बसलेला असतो आणि दुपारचं जेवणही तिथेच मागतो.