शाळेच्या भिंतीवरची बुरशी: रंगाचा डबा उघडण्याआधी हे वाचा

कोकणात नि मुंबईत जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात तेव्हाच पाऊसही सुरू होतो, म्हणजे महिनाभर बंद असलेले वर्ग उघडायचे आणि लगेच खिडक्या लावून घ्यायच्या, वर मागच्या खुंट्यांना तीस-चाळीस ओले रेनकोट टपटपत असतात, मग ऑगस्टपर्यंत कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके येणारच. पुढच्या मे महिन्यात त्यावर रंग मारला जातो आणि पावसात परत तेच. माझं स्पष्ट म्हणणं आहे, पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय रंगावर एक रुपया घालू नका.

आधी मुलांचं बघू. बुरशीचे बीजाणू हवेत उडतात, श्वासातून आत जातात, त्यातून सर्दी, बंद नाक, डोळे चुरचुरणं, खोकला, छातीत घरघर असे त्रास होतात. ज्या मुलांना दमा आहे त्यांचा दमा ओलसर खोलीत वाढतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येसुद्धा घरातली ओल आणि श्वसनाचे आजार यांचा संबंध मांडलेला आहे. आईवडिलांनी एक गोष्ट नीट बघा, पोराचा खोकला रविवारी किंवा गणपतीच्या सुट्टीत कमी होतो आणि शाळा सुरू झाली की परत येतो का? तसं असेल तर डॉक्टरांना वर्गातल्या ओलीबद्दल आवर्जून सांगा. आणि २०२१ च्या काळ्या बुरशीची धास्ती अजून अनेकांच्या मनात आहे, पण तो म्युकरमायकोसिस होता, प्रामुख्याने अनियंत्रित डायबेटीस असलेल्या आणि स्टेरॉईड घेतलेल्या कोविड पेशंटना झालेला, भिंतीवर काळा डाग दिसला म्हणून तो आजार होईल असं नाही. तरी प्रतिकारशक्ती कमी असलेल्या कुणालाही, मूल असो नाहीतर शिक्षक, त्या खोलीत बसवू नका. बुरशी कुठल्या जातीची आहे हे लॅबमधून तपासायची सहसा गरज नसते, रंग कुठलाही असला तरी साफ करायची पद्धत तीच.

आता पाणी शोधायचं. छतावर किंवा भिंतीच्या वरच्या भागात पाऊस पडल्यावर डाग वाढत असेल तर गच्चीवर जा, पन्हळी, पावसाच्या पाण्याचे पाईप तुंबलेत का, स्लॅबला भेगा आहेत का, कौलं सरकलीत का बघा. ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल तर बहुतेक ती खालून चढतेय, बाहेर भिंतीला लागून माती किंवा पेव्हर ब्लॉक चढवलेत का तपासा. उन्हाळ्यातही डाग ओलाच राहत असेल तर नळाच्या पाईपवर किंवा पलीकडच्या बाथरूमवर संशय घ्या. तरीही कळत नसेल तर प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, एक-दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलेलं दिसलं तर ओल भिंतीतनं येतेय, वर्गाकडच्या बाजूला दिसलं तर हवेतली आहे. पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी नसून लोणाही, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षारही, असू शकते, थोडं पाणी लावलं की तो विरघळतो, पण लोणा म्हणजे भिंतीत पाणी फिरतंय हे नक्की. आणि भिंतीवर चिकटवलेले लॅमिनेटेड तक्ते जरूर काढून बघा, वरून पाढे एकदम स्वच्छ दिसतात आणि मागे अख्खा चौकोन काळा पडलेला असतो, कपाटांच्या मागेही तसंच.

साफसफाई मुलं नसताना करायची, आणि मुलांकडून तर कधीच करून घ्यायची नाही. डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंत असेल तर शाळेची माणसं करू शकतात, त्याहून मोठा असेल किंवा गटाराचं पाणी शिरलं असेल तर माहितगार माणूस बोलवा. एन-९५ मास्क, रबरी ग्लोव्हज, चष्म्यासारखा गॉगल नको, बाजूने बंद असलेला हवा. वर्गाचं दार लावा, पंखा बंद, बाहेरची खिडकी उघडी. कोरडं खरवडू नका आणि झाडू तर अजिबात नको, त्याने सगळं हवेत उडतं. आधी फवाऱ्याने भिंत ओली करा, डिटर्जंटच्या पाण्याने घासा, स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा आणि मग पूर्ण वाळू द्या. पोपडे सुटलेत तिथलं प्लास्टर भुसभुशीत झालं असेल तर ते ओलं करून काढावंच लागतं. वापरलेली फडकी, पोपडे पिशवीत बांधून बाहेर.

ब्लीचची रोज उठून गरज नाही, मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होतेच, त्यामुळे ती पुसून काढणं महत्त्वाचं. तरी वापरणार असाल तर एक गोष्ट जीवावरची आहे, शाळेच्या स्टोअरमध्ये ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड बऱ्याचदा शेजारीशेजारी ठेवलेलं असतं, ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियावालं क्लीनरसुद्धा ब्लीचमध्ये मिसळायचं नाही.

सॉफ्टबोर्ड, जिप्सम सीलिंग, फुगलेलं प्लायवूड यांच्या आत बुरशी शिरलेली असते, ते टाकून द्या, जीव अडकवू नका. सतरंज्या गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा, तरी वास राहिला तर त्याही टाका. जनरल रजिस्टर मात्र टाकायचं नाही, दाखले त्याच्यावरच निघतात, पानं हळूच सुटी करून मध्ये टीपकागद घालून सावलीत पंख्याखाली वाळवा, पूर्ण कोरडं झाल्यावर मास्क लावून बाहेर मऊ ब्रशने झटका. आणि पोषण आहाराच्या तांदळाला किंवा शेंगदाण्याला बुरशी लागली असेल तर धुऊन, शिजवून वापरू नका, बुरशीचं विष शिजवल्याने जात नाही. पोती भिंतीपासून लांब, फळ्यांवर ठेवा.

गळती बंद झाली म्हणून लगेच रंगवायचं नाही, भिंत सुकायला आठवडे लागतात, ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला की फुगे येतात. जुन्या भिंतींना मला तरी चुनाच बरा वाटतो, भिंत सुकत राहते आणि चुन्याच्या अल्कलीमुळे बुरशी सहज धरत नाही.

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा असं सगळीकडे सांगतात, जुलैत रत्नागिरीत खिडक्या उघड्या ठेवून ते होणार नाही हे मान्य करूया, पण रेनकोट-छत्र्या वर्गाबाहेर व्हरांड्यात टांगता येतात, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढता येतात, पाऊस थांबला की खिडक्या उघडून पंखे चालू ठेवता येतात. काही भिजलं तर २४ ते ४८ तासांत वाळवायचं, त्यानंतर बुरशी धरायला लागते, म्हणून शनिवारी गळलं तर सोमवारची वाट बघू नका. डागांचे फोटो तारखेसकट काढून शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये ठेवा, ठराव लिहून घ्या आणि गच्चीचं काम एप्रिल-मे मध्येच करून घ्या, पावसात वॉटरप्रूफिंग धड होत नाही.