डेथ व्हॅलीला मोटरहोम नेण्याआधी

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बुक करताना आधी लांबी विचारा, पलंग किती आहेत ते नंतर. डेथ व्हॅली या अमेरिकेतल्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात आर्टिस्ट्स ड्राइव्ह या रस्त्यावर आणि दांतेज व्ह्यू या ठिकाणाच्या शेवटच्या चढावर २५ फुटांहून लांब गाडी नेता येत नाही. मागे सायकलींचा रॅक असेल तर तोही धरून मोजा. झाब्रिस्की पॉइंट, समुद्रसपाटीखाली ८६ मीटर असलेलं बॅडवॉटर आणि मेस्किट फ्लॅटचे वाळूचे ढिगारे मात्र लांब गाडीनेही होतात. जायचं ते नोव्हेंबर ते मार्चमध्येच. उद्यानातल्या फर्नेस क्रीक या वस्तीला जुलै १९१३ मध्ये ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. भाड्याच्या बऱ्याच करारांत उन्हाळ्यात या भागात गाडी नेण्यावर बंदीच असते, तेव्हा बारीक अक्षरातलं कलम वाचून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ टायरना द्या. हवा पहाटे, टायर गार असताना तपासायची आणि दारावरच्या किंवा ड्रायव्हरजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी ठेवायची. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला वाकते, त्यातून उष्णता वाढते आणि रबराचे थर सुटून टायर फुटतो. दुपारी तापल्यावर दाब वाढलेला दिसतोच. म्हणून हवा काढू नका. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक हमखास राहून जातं, त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचणारा लांब दांड्याचा गेज हवा. टायर कधी बनला ते कळायला त्याच्या बाजूवर डॉट (DOT) अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांच्या पुढचा टायर नको. स्टेपनी आहे का, तेही विचारा. पुष्कळ मोटरहोममध्ये ती नसतेच.

गॅसवर चालणारा फ्रिज आदल्या रात्रीच सुरू करा, आणि मुक्कामाला गाडी सपाट जागी लावा. कलती राहिली तर तो गार करत नाही. पिण्याचं पाणी माणशी रोज किमान ४ लिटर, टाकीतलं त्याशिवाय. हुकअप, म्हणजे मुक्कामाच्या जागी वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, मिळालं तरी ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, मैला आत वाळून बसतो. फर्नेस क्रीकला हुकअपच्या जागा मोजक्याच आहेत, आधी आरक्षण करा. हुकअप नसेल तिथे जनरेटर, तोही ठरलेल्या वेळातच. तो बहुधा गाडीच्याच टाकीतलं इंधन घेतो आणि टाकी पाव उरली की बंद पडतो, म्हणून पार्कात शिरण्याआधी पहरम्प किंवा बीटी या बाहेरच्या गावांत टाकी भरा. आत पेट्रोल महाग आहे.

टाउन्स पास या घाटाच्या चढावर एसी बंद ठेवून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. उतारावर खालचा गिअर. इंजिन तापलं तर बाजूला थांबा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. कडेची वाळू टणक वाटली तरी चाक उतरवू नका. बाहेरचा छत्रीपडदा फिरायला निघताना आणि झोपताना गुंडाळायचाच, वारा अचानक सुटतो. फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नाही: नकाशे उतरवून घ्या, टोइंगचा नंबर कागदावर लिहा आणि निघायच्या सकाळी पार्कच्या संकेतस्थळावर कोणते रस्ते बंद आहेत ते बघा.