रोबोट नाही, कोडिंग कच्चं, तरी रॉसच्या ओपन सोर्समध्ये शिरायचं कसं

नांदेड, परभणी, लातूरकडची इंजिनिअरिंगची पोरं हल्ली एकच विचारायलीत, दादा रोबोटिक्समध्ये ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला, कुणीही सुधारू शकतो) करायचंय पण सी प्लस प्लस तेवढं येत नाही आणि घरी रोबोट पण नाही, कुठून सुरू करू? माझं उत्तर ठरलेलंय, डॉक्युमेंटेशनपासून, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या पानांपासून. ते ऐकून तोंडं पडतात, कारण पोरांना वाटतं हे म्हणजे स्पेलिंग दुरुस्त करायचं काम. तसं नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी याच वाटेने आलो. जिल्हा परिषदेची मराठी शाळा, मग इकडंच इंजिनिअरिंग, आता संभाजीनगरजवळ वाळूजला ऑटोमेशनचं काम आणि संध्याकाळी रॉस. रॉस म्हणजे रोबोट ऑपरेटिंग सिस्टीम, नाव असं असलं तरी ती विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम नाही, शक्यतो उबुंटू या लिनक्सवर टाकतात आणि रोबोटचे वेगवेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलायला लागणाऱ्या लायब्ररी आणि टूल्स त्यात असतात. जुन्या रॉस १ ची शेवटची आवृत्ती नोएटिक, तिचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, त्यामुळे आता शिकायचं ते रॉस २. पण यूट्यूबवर आणि सिनियरच्या पेन ड्राइव्हमध्ये अजून रॉस १ चाच माल भरलाय. ट्युटोरियलमध्ये रॉसकोर किंवा कॅटकिन मेक या रॉस १ च्या कमांड दिसल्या की ते तिथंच बंद करा. आणि आवृत्तीची जोडी बघा, हंबल आणि जॅझी या रॉस २ च्या आवृत्त्या, हंबल असेल तर उबुंटू २२.०४, जॅझी असेल तर २४.०४. जोडी चुकली की इन्स्टॉलच होत नाही, पॅकेज सापडत नाही म्हणून एरर येतो आणि पोरगं लॅपटॉपला शिव्या देत बसतं.

आता मुद्द्याचं. रॉस २ च्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये माहिती कमी आहे असं नाही, भरपूर आहे. अडचण अशी की ती रोगाच्या नावाने लावलेली आहे आणि नवीन माणसाकडं फक्त लक्षण असतं.

एक उदाहरण घ्या. कॉलेजच्या लॅबमध्ये वर्कशॉप होतं, सगळे एकाच राउटरवर. सगळ्यांनी टर्टलसिम चालू केलं, म्हणजे ते स्क्रीनवरचं कासव, रॉसची सुरुवात त्याच्यापासूनच होते. पाच मिनिटांत गोंधळ, "सर माझं कासव आपोआपच पळायलंय", "सर मी बटण दाबायलो तर त्याचं हलायलंय." कारण साधं आहे, रॉस २ एकाच नेटवर्कवरच्या सगळ्या मशिनींना आपोआप शोधतं आणि सगळ्यांचा डोमेन आयडी (गटाचा नंबर, तो एकच असेल त्यांचंच एकमेकांना ऐकू येतं) डीफॉल्ट शून्य असतो, म्हणजे एकाने पाठवलेली कमांड सगळ्यांच्या कासवाला. उपाय असा की प्रत्येकाने वेगळा रॉस डोमेन आयडी ठेवायचा, मी सरळ रोल नंबर टाकायला सांगतो. आणि १०१ च्या वर का जायचं नाही तेही सांगतो, हा आकडा पोर्ट नंबरमधून येतो, पोर्ट म्हणजे मशिनवरचं प्रत्येक प्रोग्रॅमचं नेटवर्कचं दार, ७४०० मध्ये डोमेन आयडी गुणिले २५० मिळवायचे. १०१ ला ३२६५० होतात, १०२ ला ३२९००, आणि लिनक्स ३२७६८ पासून पुढचे पोर्ट इतर प्रोग्रॅमना तात्पुरते वाटत असतं, तिथं भांडण होऊ शकतं. हे सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. पण ज्याचं कासव पळायलंय तो सर्चमध्ये 'डोमेन आयडी' कसा टाकेल, त्याला तो शब्दच माहीत नाही ना.

याच्या उलटा प्रकारही होतो. काही कॉलेजांच्या वायफायवर मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेक मशिनींना मेसेज पाठवायची सोय जिच्यावर हे शोधणं चालतं, बंद असतं, मग दोन लॅपटॉप शेजारी ठेवून पण एकमेकांना दिसत नाहीत, आणि पोरं अख्खं रॉस काढून परत टाकतात. आधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा बरं, बऱ्याचदा तिथंच कळतं की दोष नेटवर्कचा आहे.

दुसरं उदाहरण माझं आवडतं, लायडारचं, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरचं. "दादा टॉपिक लिस्टमध्ये दिसायलाय पण डेटाच येईना." टॉपिक म्हणजे ज्या नावाखाली प्रोग्रॅम डेटा पाठवतात ते. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की मी आता आधी कोड बघतच नाही, टॉपिक इन्फो कमांड व्हर्बोज, म्हणजे सविस्तर, करून चालवायला सांगतो. त्यात दोन्ही बाजूंची क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे मेसेज पोचवायची हमी किती, ते दिसतं. सेन्सरचे ड्रायव्हर बऱ्याचदा बेस्ट एफर्टने पाठवतात, म्हणजे एखादा मेसेज हरवला तरी चालेल पण ताजा पाहिजे, आणि आपण ट्युटोरियल बघून लिहिलेला सबस्क्रायबर, म्हणजे डेटा घेणारा प्रोग्रॅम, डीफॉल्टने रिलायबल मागतो, म्हणजे एकही हरवायला नको. पाठवणारा जी हमी देत नाही ती घेणारा मागतोय, मग जोडणीच होत नाही. उलट चालतं, रिलायबल पाठवणाऱ्याचं बेस्ट एफर्टवाला ऐकू शकतो. टर्मिनलवर वॉर्निंग येते पण ती बाकीच्या लॉगमध्ये वर निघून जाते. याचा पूर्ण तक्ता कन्सेप्ट्सच्या पानावर आहे, फार नीट लिहिलाय, पण तिथं पोचायला आधी उत्तर माहीत पाहिजे.

आता यात नवीन माणसाने काय करायचं? नवीन ट्युटोरियल लिहायचं नाही! सगळ्यांना तीच हौस असते आणि तीच पानं वर्षभरात जुनी होऊन पडतात. त्यापेक्षा जिथं अडलात त्या पानावर दोन ओळी टाकायच्या, असं असं दिसत असेल तर कारण हे असू शकतं, आणि सविस्तर पानाची लिंक. हे काम पाच वर्षं रॉस वापरणारा करू शकत नाही, कारण तो कुठं अडला होता हे त्याला आता आठवत नाही. तुम्हाला आठवतंय, कालच तर अडलात. म्हणून शिकताना शेजारी वही ठेवा, एरर जसाच्या तसा लिहा, त्या वेळी तुम्ही काय सर्च केलं तेही लिहा. सर्चचे शब्द तर नक्कीच, त्याच शब्दांनी पुढचा माणूस येणारे.

प्रत्यक्ष काम असं चालतं. रॉस २ च्या डॉक्युमेंटेशनची गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, वेगळी रेपो (फाइलींचा साठा) आहे, पानं रिस्ट्रक्चर्ड टेक्स्ट नावाच्या साध्या फॉरमॅटमध्ये लिहिलेली आणि स्फिंक्स या टूलने त्याचं एचटीएमएल, म्हणजे वेबपान, बनतं. प्रत्येक पानावर वर एडिट ऑन गिटहब आहे, छोट्या दुरुस्तीला तेवढंही पुरतं. पण मी म्हणतो रेपो फोर्क करून, म्हणजे स्वतःची कॉपी काढून, आपल्या मशिनवर घ्या, पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, रिक्वायरमेंट्स टाका आणि मेक एचटीएमएल चालवा. याला ना रोबोट लागतो ना ग्राफिक्स कार्ड, ज्या लॅपटॉपवर गझेबो हा सिम्युलेटर उघडला की पंखा बोंबलतो त्याच्यावर पण हे आरामात होतं. बदल रोलिंगच्या, म्हणजे सतत बदलत राहणाऱ्या आवृत्तीच्या, शाखेवर करायचा, तिथून जुन्या आवृत्त्यांमध्ये न्यायचं काम मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, बघतात. एक नियम लक्षात ठेवा, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, म्हणजे काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक) नीट दिसतं.

नवख्यांसाठीच्या सोप्या कामांवर गुड फर्स्ट इश्यू लेबल असतं ते बघा, पण त्याच्यावर आधीच दहा जणांनी "मला द्या" लिहिलेलं असतं, मग वही कामाला येते. एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे आपला बदल घ्या म्हणून पाठवलेल्या विनंतीत, एकच गोष्ट. आणि मेंटेनरचं उत्तर एका ओळीत कोरडं आलं तर तो रागावलाय असं समजू नका, त्यांची लिहायची पद्धतच तशी असते. दोन आठवडे काहीच नाही आलं तर नम्रपणे एकदा विचारायचं.

इंग्रजीची भीती घेऊन बसू नका. मराठी मिडियमवाल्यांची छोटी सरळ वाक्यं या कामाला उलट बरी पडतात. ज्याची भीती घ्यायला पाहिजे ती वेगळीच, एआयकडून अख्खं पान लिहून घेऊन पाठवणं. त्यात रॉस १ आणि २ च्या कमांडची खिचडी निघते आणि मेंटेनरच्या ते लगेच लक्षात येतं. तुम्ही लिहिलेली प्रत्येक कमांड कोऱ्या मशिनवर चालवून बघा, कोरी मशीन नसेल तर डॉकरमध्ये (मशिनच्या आतच वेगळी कोरी जागा करून देणारं टूल) रॉसची अधिकृत इमेज घ्या. आपल्या मशिनवर सहा महिन्यांत काय काय टाकलेलं असतं ते आपल्यालाच माहीत नसतं, त्यामुळे "माझ्याकडं चालतंय" याला अर्थ नाही.

नोकरीचं पण सांगतो, खोटी आशा नको. वाळूज, शेंद्र्याला बहुतेक काम पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), स्काडा (प्लांटवर स्क्रीनवरून लक्ष ठेवायची सिस्टीम) आणि टीच पेंडंटवर (रोबोटला हालचाल शिकवायचा हातातला रिमोट) रोबोट प्रोग्रॅम करायचं, रॉसवाल्या जागा बघायच्या तर पुणे नाहीतर बंगलोर. पण रेझ्युमेवर मर्ज झालेल्या, म्हणजे स्वीकारल्या गेलेल्या, पुल रिक्वेस्टची लिंक असली की इंटरव्ह्यूवाला तिच्यावरच बोलतो, हा बदल का केला, मेंटेनरने काय आक्षेप घेतला. तिथं तुम्हाला खरंच माहिती असते, पाठ केलेलं नसतं.

मराठीत काही करावं का असंही पोरं विचारतात. करा की. लिनक्सची सुरुवात मराठीतून करायला आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, ते परत करत बसू नका. रॉसचं करणार असाल तर अख्खा कोर्स नको, एक लक्षण एक व्हिडिओ, कासव पळायलंय, डेटा येईना, आरव्हिझ (डेटा चित्रात दाखवणारं टूल) कोरा दिसायलाय, असे. कमांड आहे तशी स्क्रीनवर मोठी दाखवा आणि कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या महिन्यात केलं ते पहिल्याच सेकंदाला लिहा. हंबलचा सपोर्ट मे २०२७ पर्यंत आहे, जॅझीचा मे २०२९ पर्यंत, म्हणून नवीन काही रेकॉर्ड करणार असाल तर जॅझीवर करा. कॉलेजच्या लॅबमध्ये २२.०४ च असेल आणि बदलू देत नसतील तर शिकायला हंबल चालेल.