एखाद्या देशाचा अर्थसंकल्प कधी सादर होणार, हे कसे शोधावे

प्रथम त्या देशाचे आर्थिक वर्ष कधी सुरू होते ते पाहावे, कारण अर्थसंकल्पाचा महिना बहुधा त्यावरूनच ठरतो. भारत, जपान व कॅनडात ते १ एप्रिलला, ऑस्ट्रेलियात १ जुलैला, अमेरिकेत १ ऑक्टोबरला, तर फ्रान्स व जर्मनीत १ जानेवारीला सुरू होते. संसदेला चर्चेसाठी वेळ मिळावा म्हणून अर्थसंकल्प सहसा त्याआधी काही आठवडे ते काही महिने मांडला जातो.

त्यानंतर ही तारीख कायद्याने बांधलेली आहे, प्रथेने चालत आली आहे की सरकारच्या मर्जीवर आहे, हे तपासावे. नेपाळमध्ये ती संविधानानेच नेपाळी पंचांगातील १५ जेठ (साधारण मे महिन्याची अखेर) अशी ठरवून दिली आहे. अमेरिकी अध्यक्षांनी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत प्रस्ताव पाठवावा असा कायदा असला, तरी ती मुदत अनेकदा हुकते. त्यामुळे केवळ कायद्यावर विसंबू नये. भारतात २०१७ पासून १ फेब्रुवारीचा प्रघात पडला आहे, मात्र लोकसभा निवडणुकीच्या वर्षी त्या दिवशी अंतरिम अर्थसंकल्प मांडून काही महिन्यांपुरते लेखानुदान, म्हणजे खर्चाला संसदेची तात्पुरती मंजुरी, घेतले जाते व पूर्ण अर्थसंकल्प नवे सरकार आणते. ब्रिटनमध्ये दिवस अर्थमंत्रीच जाहीर करतात.

सादरीकरणापूर्वीच्या बातम्यांवर फारसा भरवसा ठेवू नये. गोपनीयतेचा दंडक कडक असतो: १९४७ मध्ये भाषणाला जाता जाता एका पत्रकाराला करांविषयी सांगून बसलेले ब्रिटनचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांना राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात पत्रकारांना कागदपत्रे दुपारीच मिळतात, पण बंद दालनात आणि फोन काढून घेऊन. सायंकाळी साडेसातला भाषण सुरू झाल्यावरच त्यांना बातमी देता येते.

घोषणा आणि मंजुरी यांत मात्र गल्लत करू नये. अमेरिकी अध्यक्षांचा अर्थसंकल्प हा निव्वळ प्रस्ताव असतो आणि खर्चाचा निर्णय काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, घेते. उलट ब्रिटनमध्ये तंबाखूवरील वाढीव कर अनेकदा भाषणाच्याच दिवशी सायंकाळी सहापासून लागू झालेला आहे. म्हणून प्रत्येक घोषणेपुढे ती कधीपासून लागू होणार हे टिपून ठेवावे. भाषण ऐकावे, पण टाळ्या आकड्यांना पडतात आणि अटी सोबतच्या दस्तऐवजांत असतात, तेव्हा मुख्य तक्ता उघडून नवी तरतूद चालू वर्षाच्या मूळ अंदाजाशीच नव्हे, तर सुधारित अंदाजाशीही ताडून पाहावी.