मुलांना ओहोटीत न्यायचंय? आधी तिथी बघा

मुंबईत मुलांना समुद्रावर नेताना बहुतेक लोक ऊन बघतात, पाणी बघत नाहीत. कार्टर रोडच्या खडकांवर ऐन भरतीला पोचलात तर फक्त लाटा दिसणार. त्यापेक्षा घरातलं कॅलेंडर काढा. कोळीवाड्यात आणि कोकणात चालत आलेला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा (प्रत्यक्षात बाराच्या आसपास). दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून पुन्हा १ मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

खडकांतली डबकी पाहायची तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा रविवार धरा. तेव्हा उधाण असतं, म्हणून पाणी उतरतंही खूप, आणि ओहोटी सकाळी सहा-सातला येते. (मुलांना उठवणं हा वेगळाच विषय.) अष्टमीला दुपारी बाराची ओहोटी मिळते, पण पाणी फारसं हटत नाही आणि डोकं तापतं ते निराळं.

ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाणी वळलं की निघा. पायात पकड असलेले बूट हवेत, शेवाळ फार निसरडं असतं. खेकडे, समुद्रफुलं नुसती बघायची. शंकूच्या आकाराचे शंख तर मुळीच उचलू देऊ नका, आतला प्राणी विषारी दंश करू शकतो.

हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघण्याआधी भरतीचं छापील वेळापत्रक एकदा बघाच. पावसाळ्यात मात्र खडकांवर जायचंच नाही.