या चुका टाळा : बढतीच्या नादात कोडची फरदड

शेगाव, बडनेरा, पुसदचे पोट्टे मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले, की पहिल्या अप्रेजलपर्यंत एवढं बरोबर शिकतात: नवं सुरू केलं तर नाव होतं, जुनं बंद केलं तर कोणी विचारत नाही. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९२ मध्ये घाईच्या कोडला कर्ज म्हटलं, तेव्हा ते फेडणंही गृहीत होतं. आता कर्ज काढणारा बढती घेऊन टीम बदलतो आणि हप्ते नव्या पोट्ट्याच्या बोडख्यावर.

जुनं न काढता ‘मायग्रेशन (जुन्या सिस्टिमवरून नव्यावर जाणं) पूर्ण’ लिहिणं. बहुतेक ट्रॅफिक नव्यावर आला की डेमो होतो, केक कापतात. अडलेले दोन-चार क्लायंट जुन्यावरच राहतात आणि पुढचा प्रत्येक बदल दोनदा करावा लागतो. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही न उपटलेली कपाशी, ठेवली की बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत जगते, तसंच हे. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने ‘पॉवर पेग’ हे सौदे करणारं फंक्शन २००३ मध्ये वापरणं थांबवलं, पण काढलं नाही. २०१२ मध्ये त्याचाच फ्लॅग (कोड चालू-बंद करायचं बटण) नव्या कामाला लावला आणि आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडताच तिथला जुना कोड सौदे करत सुटला. गडबडीत बाकी सातांवरचा नवा कोड मागे घेतला, तर तिथेही पॉवर पेग जागं झालं. ४५ मिनिटांत ४० लाखांवर सौदे, तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर. बाजार उघडण्याआधी सिस्टिमने पॉवर पेगचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते. त्यांची दखल कोणी घेतली नाही.

म्हणून जुन्या प्रत्येक एंडपॉइंटवर (दुसऱ्या सर्व्हिस जिथे विनंती पाठवतात तो पत्ता) काउंटर लावा, कोणती सर्व्हिस हाक मारते ते नोंदवा. एक तिमाहीअखेर उलटू द्या. काही रिपोर्टचे जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामं, तेव्हाच उठतात. काउंटर शून्यावर राहिला की आधी तासभर बंद ठेवून पाहा, मग दिवसभर. मग कोड, फ्लॅग, टेबल, अलर्ट सगळं उपटा. फ्लॅग पुन्हा वापरायचा नाही, म्हणजे नाहीच. ज्यांना एवढा दम धरवत नाही, त्यांनी मायग्रेशन हाती घेऊ नये.

अप्रेजलमध्ये ‘कोड साफ केला’ एवढंच लिहिणं. रेटिंगच्या बैठकीत मॅनेजर हे वाक्य घेऊन काय भांडणार? हात घालण्याआधीच आकडे काढून ठेवा: बिल्डला (कोडपासून चालता प्रोग्राम बनवायला) किती मिनिटं, आठवड्यात रात्रीचे पेज (बिघाड झाल्यावर येणारं बोलावणं) किती, महिन्यात रोलबॅक (नवा कोड मागे घेणं) किती. काम झाल्यावर तेच पुन्हा मोजा. आधीचे आकडे नंतर जुळवता येत नाहीत, लॉग तोवर पुसले गेलेले असतात.

तीन माणसांच्या टीमला पंधरा मायक्रोसर्व्हिस (वेगवेगळे चालणारे छोटे प्रोग्राम) नकोत. रेझ्युमे सजतो, बाकी काही नाही.

तिकीट (कामाची नोंद) क्रमांकाशिवाय कोडमध्ये टूडू, म्हणजे ‘हे नंतर करू’ अशी टीप, लिहू नका.

रनबुक, म्हणजे बिघाड झाल्यावर काय करायचं त्याच्या पायऱ्या, डोक्यात ठेवू नका. गावाकडून काम करणाऱ्यांनी तर मुळीच नाही: लाइट गेली, टॉवर गेला, की तुमचा पेज हैदराबादला बसलेल्या कोणालातरी उचलावा लागतो, आणि कोणता जॉब आधी थांबवायचा हे त्याला लिहिलेलं सापडलं पाहिजे.